मोजा

शेवटच्या ट्रॉलरवरून उतरलो त्या दिवशी
मी टोपी खुंटीला लावली
आणि स्वतःला खुर्चीला.
सात वर्षं.
खिडकीतली फेरीबोट तोंडपाठ झाली,
तिच्या भोंग्यावर जेवायचं, तिच्या भोंग्यावर झोपायचं.
गादीला माझा खड्डा पडला
आणि माझ्या पोटाला तिचा उंचवटा.

सकाळी मोजे घालणं हे दिवसातलं मोठं काम.
पलंगावर बसा, श्वास धरा, वाका,
पोट मध्ये येतं, पाय लांबच राहतो,
जणू दुसऱ्याच कुणाचा.
बिरिटा होती तेव्हा तीच चढवायची,
मान खाली घालून, न बोलता.
ती गेली त्या उन्हाळ्यात मी अनवाणीच हिंडलो.
हिंडलो म्हणजे
स्वयंपाकघरापर्यंत.

दवाखान्यातल्या रागन्हिल्डबाई दंडाला पट्टा आवळतात.
आकडा बघतात. पुन्हा बघतात.
गोळ्या लिहून देतात, आणि वर:
“मंगळवारी सहाला, शाळेमागचं मैदान. बूट आणा.”
मला वाटलं, बसून हात हलवायचा वर्ग असेल.
खुर्ची तर माझ्याकडे होतीच.

निघालं फुटबॉल.
मासळीच्या खोक्यांचे गोल, पाच इकडे, पाच तिकडे.
फिलेट कारखान्यातला हानुस, ज्याचे गुडघे त्याच्या आधी पोचतात.
सुतार आयुन, हृदयात जाळी बसवलेला.
निवृत्त पाद्री क्रिस्तोफुर, शिव्या इथंच येऊन शिकले.
आणि सामल.
होडीच्या व्यवहारावरून त्याच्याशी
एकोणीस वर्षं बोललो नव्हतो मी.
अडीचशे माणसांच्या गावात हे सोपं नसतं,
सराव लागतो.

चौथ्या मिनिटाला जीभ बाहेर.
थंड डिझेल इंजिन खोकतं तशी छाती खोकली.
कुंपणाला धरून उभा राहिलो,
म्हटलं, झालं आपलं.
तेवढ्यात सामल ओरडला,
तोच सामल:
“अरे, दे ना इकडे!”
दिला.
काय करणार, चेंडू माझ्या पायात होता.

मुलीनं कोपनहेगनहून पाठवलेलं पळायचं यंत्र
अजून तळघरात आहे, त्याच्यावर लोकर वाळते.
यंत्र हाक मारत नाही.
इथं मी नाही गेलो तर चौघे उरतात,
आणि चौघांचा संघ होत नाही,
म्हणून आडव्या वाऱ्यात, म्हणून गारांत,
म्हणून बिरिटाच्या वाढदिवशीसुद्धा.

दर आठवड्याला वारा एक चेंडू समुद्रात टाकतोच.
हानुस होडी काढतो,
आणि आम्ही नऊ जण काठावर
अंगातून वाफा निघत असलेले,
भिजलेल्या मेंढरांसारखे एकमेकांना खेटून
त्याला दिशा सांगत राहतो. सगळ्या चुकीच्या.
खेळापेक्षा या वेळीच जास्त हसतो.
तेही छातीला चांगलंच असणार.

फेब्रुवारीत क्रिस्तोफुर गेले.
मैदानात नव्हे, झोपेत.
दोन मंगळवार त्यांची जागा रिकामी ठेवून
आम्ही चौघेच खेळलो.
सपाटून हरलो.
पलीकडच्यांनी एकही गोल सोडला नाही,
सोडला असता तर बरं दिसलं नसतं.

परवा पट्टा पुन्हा आवळला. आकडा उतरलाय.
“आणखी काही फरक?”
झोप लागते, म्हटलं. चर्चची चढण एका दमात होते.
बाकीचं तिथं आठवलं नाही.

आठवलं आज सकाळी,
पलंगाशेजारी उभ्यानंच,
चाल्दुर पक्षी खडकावर राहतो तसा एका पायावर,
दुसरा पाय हातात, मोजा टाचेपाशी अडलेला.
फेरीबोटीचा भोंगा वाजला, मी वर पाहिलं नाही.
डुललो. भिंतीला एक बोट लावलं,
एकच.
ओढला. बसला.

रागन्हिल्डबाई, तुमच्या वहीत
हेही मोजा.
उजवा अजून राहिलाय.